नानांनी पाजलेलं तेल

ट्रॅक्टर लिंबाखाली उभा होता आणि बन्सीनाना चार दिवसांपासून लिंबाकडं पाठ करून बसत होते. घरचा ओटा असा, की तिथं बसलं की समोर लिंब दिसणार आणि लिंबाखाली जे काय असेल तेही दिसणार. म्हणून नाना भिंतीकडं तोंड करून चहा प्यायचे. त्यांची बायको लक्ष्मीबाई म्हणाली, "भिंतीवर काय लिवलंय का? चार दिवस वाचायलाव, अजून संपना." नानांनी कप अर्धा तसाच ठेवला. 

आता नाना काही वाईट माणूस नव्हेत. आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणीही त्यांना चार शिव्या हासडेल, आणि त्या बरोबरच असतील. पण माणूस वाईट नव्हे. गंगापूरपासून दोन कोसांवर, गोदावरीच्या अंगाला त्यांचं रान. रानाचा कारभार धाकटे भाऊ आप्पासाहेब बघायचे, कारण ते शिकलेले, चार माणसांत बोलणारे. नानांकडं बैल होते. हयातभर त्यांनी बैलच सांभाळले. बावीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला तरी एक जोडी दावणीला राहिली, आणि पाच वर्षांपूर्वी तीही गेली. लाल कंधारी जोडी होती, पांड्या आणि लख्या. आप्पासाहेब म्हणाले, "दादा, उभ्या बैलाला वैरण किती दिवस घालायची?"  जोडी गेली त्या दिवशी ते मळ्यात जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

मग गोठ्यात खताच्या गोण्या आल्या. पण आढ्याला खोचलेलं बांबूचं नळकांडं नानांनी कुणाला काढू दिलं नाही. एका टोकाला तिरपं कापलेलं, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं. नांगरणीच्या आधी ह्या नळकांड्यानं बैलाच्या घशात करडईचं तेल पाजायचं, म्हणजे बैलाचे सांधे मोकळे होतात आणि तो ओढीला बसत नाही, हे नानांना त्यांच्या बापानं शिकवलेलं. तेलाचा डबाही तिथंच कोपऱ्यात होता. पांड्या-लख्यासाठी आणलेलं, अर्धं उरलेलं.

बैल गेले, माया कुठं जाणार? ती हळूहळू ट्रॅक्टरवर गेली. पोळ्याला नाना ट्रॅक्टरच्या बोनेटवर झूल टाकायचे आणि पुढच्या चाकाजवळ पुरणपोळी ठेवायचे. आप्पासाहेब पोट धरून हसायचे. "दादा, त्याला शेपूट बी बसवा!" सगळ्या गावाला सांगून हसायचे. हसत नव्हता तो एक मुंजाबा.

मुंजाबा म्हणजे ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. ह्यानं मेंढरं सोडली आणि ट्रॅक्टर आला त्या वर्षापासून त्याच्यावर बसला तो उतरलाच नाही. पोळ्याला नाना नारळ फोडायचे तेव्हा मुंजाबा चपला काढून, हात जोडून शेजारी उभा राहायचा. मस्करी म्हणून नव्हे, मनापासून. नानांना त्याचं फार कौतुक.

तर हा ऊसतोडीचा हंगाम. एका शुक्रवारी संध्याकाळी मुंजाबा हात पुसत ओट्यापाशी आला.

"नाना, स्टेअरिंगच्या टाकीतलं तेल तळाला गेलंय. नळीतून झिरपत होतं, नळी म्या आवळली. तुमी उद्या बाजारला चाललाव ना? मग तेलाचा एक डबा आणा. हे जुन्या डब्याचं झाकण घ्या, ह्याच्यावर नाव हाय. दुकानदाराला निसतं दाखवा, तो बरोबर देईल."

"दुसरं कोणचं चालत नाय का?"

"नाय नाना. ह्या जुन्या गाडीचं लई नाजूक असतंय. स्टेअरिंग आपण फिरवतो असं वाटतं, पर जोर सगळा तेलाचा असतो. पंप तेल ढकलतो, तवा चाकं वळतात. तेल बरोबर नसलं तर चाक वळवायला पैलवान लागंल."

नानांनी झाकण बंडीच्या खिशात टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी गंगापूरच्या बाजारात काय केलं? बैलबाजारात गेले. सहज म्हणून गेले. तिथं एक लाल कंधारी जोडी उभी होती, हुबेहूब पांड्या-लख्यासारखी. झालं! नानांनी दात बघितले, पाठीवरनं हात फिरवला, मानेखाली लोंबणारी पोळी खाजवली. मालकाशी चार घटका बोलत बसले. घ्यायची-द्यायची काही बात नव्हती, नुसतं बसले. बैलानं त्यांचा हात चाटला तेव्हा त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. उठले तेव्हा दिवस कलला होता, आणि शेवटची जीप हॉर्न वाजवत होती.

तंबाखूसाठी खिशात हात घातला तेव्हा हाताला झाकण लागलं. जीप तोवर निम्म्या वाटेवर आली होती.

आता घरी जाऊन काय सांगायचं? बैल बघत बसलो म्हणून तेल राहिलं? आप्पासाहेबांनी पुढच्या पोळ्यापर्यंत ती गोष्ट पुरवली असती. साठी उलटलेल्या माणसाला धाकट्या भावाच्या हसण्याची एवढी भीती वाटावी! पण वाटली. नानांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी मुंजाबा यायच्या आधी ते गोठ्यात गेले, करडईच्या तेलाचा डबा हलवून बघितला. पाच वर्षांचं तेल. घट्ट झालेलं, जरा खवट, पण रंगाला पिवळंच. बैलाच्या सांध्याला चालतं ते लोखंडाच्या सांध्याला का चालू नये, असं नानांनी स्वतःला सांगितलं. मुंजाबानं 'नाय' म्हटलेलं त्यांच्या कानात होतं. तरी सांगितलं.

आढ्याचं नळकांडं काढलं. टाकीचं झाकण उघडलं. नळकांड्यानं तेल ओतताना डाव्या हातानं बोनेट थोपटत नाना म्हणाले, "पी, पी बाबा." खोटं कशाला बोला, त्या घडीला त्यांना बरंच वाटलं. पाच वर्षांनी नळकांडं हातात आलं होतं.

मुंजाबा आला. "नाना, तेल?"

"भरलं."

"टाकीत? झाकण आवळलंय ना नीट?"

"भरलं म्हणलं ना!" नाना खेकसले.

"मग झालं. नानांनी भरलं म्हंजी मला उघडून बघायचं कारण नाय." आणि तो हसत गाडीवर चढला.

हे वाक्य नानांना पुढं चार दिवस झोपू देणार नव्हतं.

दोन दिवस गाडी झकास पळाली. मंगळवारी संध्याकाळी मुंजाबा म्हणाला, "नाना, चाक जरा जड लागतंय. पंप बी कण्हतोय. नळीत हवा धरली असंल का?" इथं नानांनी तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. नाना म्हणाले, "थंडीचं असंल." मुंजाबानं मान डोलावली. ज्या माणसानं तेल भरलं तोच म्हणतोय, मग थंडीचंच असणार.

बुधवारी दुपारी उसानं ठासून भरलेली ट्रॉली घेऊन मुंजाबा पाटाच्या पुलाजवळच्या वळणावर आला. स्टेअरिंग अर्धं फिरलं आणि आवळलं. त्यानं सगळा जीव लावून ओढलं, पाय ब्रेकवर दाबले, पण मागच्या उसाचा रेटा कुठं थांबतो? पुढची चाकं पाटात उतरली, ट्रॉली कलली आणि ऊस पाटभर पसरला. चाकाला हिसका बसला तेव्हा स्टेअरिंग गर्रकन उलटं फिरलं. मुंजाबाचा उजवा हात आऱ्यांत अडकलेला होता. मनगट मोडलं. त्याच पाटावर घटकाभरापूर्वी तीन बाया धुणं धूत होत्या. त्या उठून गेल्या होत्या म्हणून वाचल्या. ट्रॅक्टर ओढून आणून लिंबाखाली उभा केला.

आणि मग गाव बोलायला लागलं.

मुंजाबा कधीकाळी प्यायचा. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको कस्तुराबाई त्याला साताऱ्याच्या खंडोबाला घेऊन गेली, म्हणजे औरंगाबादजवळचं सातारा. तिथं त्यानं भंडारा उचलून शपथ घेतली, त्यानंतर थेंबाला शिवला नव्हता. पण गावाला काय, निमित्तच पाहिजे. वीस वर्षं ज्या वळणावर डोळे झाकून गाडी वळवली, त्याच वळणावर गाडी पाटात? लागला असंल पुन्हा. कुणीतरी म्हणालं, कुणीतरी मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत ते खरंच झालं.

आप्पासाहेबांनी मुंजाबाला ओट्यावर बोलावलं. हात गळ्यात बांधलेला, तोंड सुकलेलं.

"मी गावाचं ऐकत नसतो मुंजाबा," आप्पासाहेब म्हणाले. "रविवारी वाळूजचा सांडू मिस्त्री येतोय. मशीनमदी खोट निघाली तर तू खरा. नाय निघाली, तर चावी ठेवायची आन् घरी जायचं. प्यालेल्याच्या हातात मी माझी गाडी देणार नाय."

"बघू द्या मालक," मुंजाबा म्हणाला. "मशीन खोटं बोलत नसतंय."

सगळ्यांनाच ठाऊक होतं, आप्पासाहेबांच्या दारातून दारूपायी काढलेल्या ड्रायव्हरला गंगापूर-वैजापूरकडं कुणी स्टेअरिंगला हात लावू देणार नव्हतं. ह्या वयात त्यानं काय पुन्हा मेंढरं हाकायची?

नाना खांबाला टेकून उभे होते. ऐकत होते.

शुक्रवारी ते गुपचूप गंगापूरला गेले आणि झाकण दाखवून तेलाचा डबा आणला. सहा दिवस उशिरा! आणि रविवारी दिवस उगवायला त्यांनी काय केलं, तर ट्रॅक्टरखाली घमेलं ठेवलं, टाकीची खालची नळी सोडली, ते चिकट तेल काढून घेतलं, टाकी चिंधीनं पुसली, तळाच्या जाळीपर्यंत मात्र हात पोचेना, नवं तेल गळ्यापर्यंत भरलं. घमेलं उकिरड्यावर उलटं केलं, वर शेणाची पाटी टाकली. मनातल्या मनात हिशेब असा, की गाडी आता दुरुस्त झाली, मिस्त्री येईल, ठीक आहे म्हणेल, पाणी पिऊन जाईल, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. भीतीनं माणसाची अक्कल कशी गहाण पडते बघा. आप्पासाहेबांचे शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, तरी त्यांचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

तो शिरला हौदावर. नाना राखेनं हात घासत होते, तेल काही केल्या निघत नव्हतं, तेवढ्यात पाठीमागं कस्तुराबाई येऊन उभी राहिली. डोईवर पदर, हातात नारळ.

"नाना, मिस्त्री आज यायचाय ना?"

"व्हय."

"म्या खंडोबाला नारळ बोललेय. मशीनमदी खोट निघू दे म्हनून. दुसऱ्याची गाडी बिघडू दे म्हनून कुणी नवस बोलतं का? पर म्या बोलले. निघंल ना हो काईतरी?"

नानांच्या हातावरनं राखेचं पाणी गळत होतं. खोट त्यांनी आताच शेणाखाली पुरून ठेवली होती. त्यांनी हौदाचा काठ धरला.

कस्तुराबाई जवळ आली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "नाना, तुमी मला बापाच्या जागी. खरं सांगा. बुधवारी सकाळी तुमी त्याला बघितलं व्हतं. तोंडाला वास येत व्हता का?"

"नव्हता," एवढं म्हणायचं होतं. तेही खरं होतं, आणि त्यात नानांचं काही जात नव्हतं. पण नव्हता म्हटलं की ती पुढचं विचारणार. मग चाक कामून वळलं नाय? ह्या पुढच्या प्रश्नाची नानांना भीती.

"मला... मला नाय कळलं बाई," नाना म्हणाले.

कस्तुराबाईचा चेहरा उतरला. 'नाय कळलं' म्हणजे 'येत होता', मोठ्या माणसानं झाकून घेतलं, असंच तिनं धरलं. ती वळून गेली. नाना तिच्या पाठीकडं बघत राहिले आणि स्वतःला म्हणाले, बन्स्या, आरं बैल तरी तुझ्यापेक्षा बरा.

दहाच्या सुमाराला सांडू मिस्त्री मोटारसायकलवर आला. मूळचा सिल्लोडकडचा, उंच, हडकुळा, बोलताना निम्मं हिंदी. वाळूजच्या नाक्यावर त्याचं गॅरेज होतं, जुन्या ट्रॅक्टरची त्याच्यासारखी पारख आसपास कुणाला नव्हती. लिंबाखाली दहा-पंधरा माणसं जमली. मुंजाबा एका बाजूला, गळ्यातला हात दुसऱ्या हातानं धरून. कस्तुराबाई लांब, गोठ्याच्या दाराशी.

सांडूनं आधी पुढच्या टायरची हवा बघितली. "हवा कम असली तरी चाक जड जातं. पण ही बराबर आहे." मग जॅक लावून पुढची चाकं जमिनीपासून उचलली आणि हातानं इकडून तिकडं हलवून बघितली. "ह्याच्यात दोन भाग असतात मालक. एक लोखंड, एक तेल. लोखंड अडकलं असेल तर चाकं उचलल्यावरही हलणार नाहीत. ही तर मस्त हलतायत. म्हणजे लोखंडात काही नाही." पट्टा दाबून बघितला, नळ्यांवरनं बोट फिरवलं, गळती कुठं नव्हती. मग तो टाकीकडं वळला. नानांचा सगळा जीव कानात आला.

सांडूनं झाकण उघडलं, बोट बुडवलं, उजेडात धरलं, वास घेतला. "एकदम ताजं तेल आहे. कुणी भरलं?"

"नानांनी," मुंजाबा म्हणाला. "मागच्या रविवारी."

त्याच्या आवाजात केवढा विश्वास होता! नाना खाली बघत राहिले.

गाडी चालू केली. सांडूनं वर बसून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. रिकामी गाडी, भुसभुशीत माती, वळली. पंप थोडा कण्हला. "जुना पंप आहे, एवढं रडणारच," सांडू म्हणाला, आणि इंजिन बंद करून उतरला. फडक्याला हात पुसले. मुंजाबाकडं बघून जरा घुटमळला, त्यालाही वाईट वाटलं असावं. "मालक, गाडीत तर खास काही नाही."

 मुंजाबा पुढं आला, "मिस्त्री, त्या दिवशी आवळलं व्हतं हो. देवाशपथ आवळलं व्हतं." मग त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं आणि थांबला.

"चावी," आप्पासाहेब म्हणाले.

मुंजाबानं डाव्या हातानं करदोट्याची गाठ सोडायला घेतली. बावीस वर्षं चावी तिथं होती. एका हातानं गाठ सुटेना. कुणीतरी मदतीला पुढं झालं, त्यानं मान हलवून नको म्हटलं. गाठीशी झगडत राहिला, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नानांना तेवढ्यातही दिसलं, की तो रडत नाहीये, तो लाजतोय. न केलेल्या गोष्टीची त्याला लाज वाटतेय.

"सांडू," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "सांडू! टाकीच्या तळाची जाळी काढ."

"जाळी कशाला नाना? तेल तर ताजं–"

"तेल आज सकाळचं हाय. म्या भरलंय. तू जाळी काढ."

सांडूनं एकवार नानांकडं बघितलं आणि पाना उचलला. टाकी रिकामी केली, तळाची जाळी काढली आणि तळहातावर घेतली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पिवळा, चिकट राप बसला होता. त्यानं नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "अरे तौबा. हे तर खायचं तेल! करडईचं? गाडीला भजी तळायची होती का?" मग तो हसायचा थांबला. "हे तापून असं चिकटतं. पंपाला तेल मिळत नाही. मोकळ्या गाडीला एक वेळ चालेल, पण मागं लोड असला तर हत्तीला पण चाक वळणार नाही. ह्याला कशाला बोल लावता मालक? हा जिता राहिला हेच खूप झालं."

"कुणी ओतलं?" आप्पासाहेब ओरडले आणि मुंजाबाकडं वळले. "तूच ओतलंस ना?"

मुंजाबा नानांकडं बघत होता, आणि बघता बघता त्याला सगळं कळलं. रविवारची सकाळ, मंगळवारची थंडी, सगळं. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. खाली बघितलं. म्हातारा वाचत असेल तर वाचू द्यावा, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि ते नानांना सोसलं नाही.

ते गोठ्यात गेले. कस्तुराबाई दारातून बाजूला झाली. नानांनी आढ्याचं नळकांडं ओढून काढलं, परत आले आणि ते सगळ्यांसमोर बोनेटवर ठेवलं. टोकाला अजून तेल होतं.

"म्या पाजलं," नाना म्हणाले. "त्यानं डबा आणायला सांगितला व्हता. मी बैल बघत बसलो. तू हसशील म्हनून आप्पा, तू हसशील म्हनून म्या खोटं बोललो. त्यानं विचारलं, म्या भरलं म्हणलो. चाक जड झालं म्हणला, म्या थंडी म्हणलो. आज सकाळी पुरावा उकिरड्यात टाकला. वास बघायचा तर चला, दावतो. तो प्याला नव्हता. चार दिवस मला ठावं व्हतं आन् म्या ह्याचा हात मोडलेला बघत बसलो."  डोक्याचा पटका काढून त्यांनी तोंडावर धरला आणि पोरासारखे रडले.

आप्पासाहेब हसले नाहीत. ज्या हसण्यापायी एवढं झालं ते हसू त्या दिवशी कुणालाच आलं नाही. ते म्हणाले, "दादा, मला एकट्याला सांगायचं व्हतं. चार लोकांत कशाला?"

"चार लोकांतच ह्याचं नाव गेलं ना," नाना पटक्यातून म्हणाले.

आप्पासाहेबांनी मुंजाबाच्या हातातली अर्धी सुटलेली गाठ बघितली. "राहू दे चावी," एवढंच म्हणाले आणि घरात गेले. लोकही एकेक करून पांगले. सांडू जाळी रॉकेलमध्ये बुडवून घासायला बसला, आता पंपासकट सगळं खोलून धुवावं लागणार होतं.

नाना मुंजाबापुढं उभे राहिले.  पाया पडायला वाकले, तर मुंजाबानं डाव्या हातानं त्यांना दंडाला धरून वर केलं.

"नका नाना. तसलं नका करू."  रागावला होता, आणि राग गिळत होता, हे दिसत होतं. "तुमी भरलं म्हंजी बघायचं कारण नाय, असं म्या म्हणलो व्हतो. उघडून बघायला पायजे व्हतं. आता बघत जाईन."

मारलं असतं तरी परवडलं असतं. नानांनी मान खाली घातली.

"एक काम करा," मुंजाबा म्हणाला. "कस्तुराला तुमी सांगा. ती गोठ्यापाशी व्हती, पर तुमी नळकांडं काढलं तवाच घराकडं गेली. तिनं पुढचं ऐकलं नसंल. माझं ती ऐकंना. चार दिवस बोलना माझ्यासंगं."

मुंजाबाचं घर वस्तीच्या टोकाला. नाना तिथवर चालत गेले, पटका हातातच होता. कस्तुराबाई चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली नव्हती. नारळ तसाच देवापुढं, न फोडलेला. नानांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. बैलबाजार, झाकण, करडईचं तेल, उकिरडा. काही ठेवलं नाही. "आन् सकाळी तू विचारलंस तवा बी म्या खोटं बोललो. वास नव्हता पोरी. त्याच्या तोंडाला कसलाच वास नव्हता. माझ्याच हाताला व्हता."

ती आता शिव्या देईल, असं नानांना वाटलं. ती द्यावी असंच वाटत होतं. ऐकून घ्यायला ते पाय रोवून उभे राहिले.

कस्तुराबाईनं शिवी दिली नाही. ती विझलेल्या चुलीकडं बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली,

"वास मला बी आला नव्हता नाना, तरी मन मानंना. बुधवारी तो दारात आला. हात असा लोंबत व्हता. म्हणला, कस्तुरे, पाणी दे. आन् म्या... म्या पाणी नाय दिलं. त्याची हनुवटी धरली, आन् आधी तोंडाचा वास घेतला."